गांडुळं कुठं गेली?

मालनबाई तापट, हे राहुरीजवळच्या त्या वस्तीवर कुणाला सांगावं लागत नसे. तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. गांडुळांशी मात्र बाई फार मवाळ बोले. कृषी विद्यापीठात शिकून येऊन गोठ्यामागच्या छपराखाली तिने गांडूळखताचा बेड लावला, त्याला दोन वर्षं झाली होती. आता गुडघे कुरकुरू लागले होते. लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस सावेडीला जाताना तिने बेड नव्या सुनेवर, सवितावर सोपवला. नीट सांभाळला तर कायमचा तिलाच द्यायचा, असं मनाशी ठरवून.

परत आली तशी पिशवी ओट्यावर टाकून तडक छपरात शिरली. गोणपाट उचललं, हाताने उकरलं. एक गांडूळ दिसेल तर शपथ. शेण चटका बसावा इतकं गरम.

"काय घातलंस गं यात?"

"शेन. रोजच्या रोज ताजं," सविता म्हणाली. "शिळं कशाला घालायचं बिचाऱ्यांना?"

सविताचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. पाचटाच्या कोपीत, झोपडीत वाढलेल्या पोरीला शेण ठाऊक होतं ते सारवणाचं, आणि सारवायला ताजंच लागतं. ताज्या शेणाचा थर दिला की ते आतून तापतं, हे तिला मालनबाईनेच सांगायला हवं होतं. पण ते आठवायला बाईला सवड कुठली! "दोन वर्सांचं कष्ट मातीत घातलंस!" इथून जी सुरुवात झाली ती सविताच्या माहेरापर्यंत जाऊन पोचली.

दम लागला तेव्हा बाई मटकन खाली बसली आणि कडेकडेने उकरत गेली. पार टोकाला, टाकीचा नळ ठिबकायचा तिथे, हाताला गारवा लागला. मुठीत ओला, वळवळता गोळा आला. सगळी तिथेच! ना डोळे, ना कान. पण शेण तापलं तशी गार जागेकडे सरकत आली होती. मालनबाईला हसूही फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"जित्ती हाईत गं! ये, बघ!"

सविता आली नाही. ती छपराच्या पार पलीकडच्या मेढीला टेकून उभी होती. सासूचं बोलणं सुरू झाल्यापासून एकेक पाऊल मागे सरत तिथवर गेली होती. मालनबाईच्या एकदम ध्यानात आलं, ही घरातही अशीच असते. आपण चुलीपाशी, तर ही परसात. आपण ओट्यावर, तर ही आतल्या खोलीत.

"मला भितीस का गं?"

सविताने मेढ घट्ट धरली. मग म्हणाली, "व्हय."

मालनबाईला ते फार लागलं. राग आला नाही. वाईट वाटलं, लाजही वाटली.

"शेनाचं मी सांगितलंच न्हवतं तुला," ती हळू आवाजात म्हणाली. "चूक माजी हाय."

पुन्हा ‘इकडं ये’ म्हणायचं तिने टाळलं. गांडुळं ओंजळीत घेऊन कण्हत उठली आणि स्वतःच मेढीकडे निघाली. सविता या वेळी मागे सरली नाही.