नव्या पंपाचा मुहूर्त

सन १९८४च्या वैशाखात, एका सकाळी, नाशिक रोडच्या गॅरेजात भिकनशेठने आपल्या भाड्याच्या परदेशी मोटारीला पॉवर स्टिअरिंगचा नवा पंप बसवून घेतला. दुपारी याच मोटारीतून चांदवडच्या नवरदेवाला आणायचे होते. पंप बसताच त्यांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मुहूर्त साधून इंजिन सुरू केले. लिंबू चिरडले गेले. परंतु पंप कण्हू लागला आणि स्टिअरिंग वळेना.

"नाथा, बाद पंप दिलास! नवरदेवाला काय बैलगाडीतून आणू?"

"शेठ, शिव्या मागून द्या, आधी पंपाच्या तेलाच्या टाकीत बघा," मिस्त्री नाथा म्हणाला.

तेलावर फेस आला होता. नळ्यांत शिरलेली हवा काढण्याआधीच इंजिन सुरू झाले होते.

फेस बसेपर्यंत दोघे थांबले. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, भिकनशेठ स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवू लागले. टाकीत बुडबुडे येत राहिले, नाथा तेल भरत राहिला. बुडबुडे थांबल्यावर इंजिन सुरू केले. कण्हणे थांबले होते. स्टिअरिंग एका बोटाने वळले.

"पंप चांगला आहे," नाथा म्हणाला. "नारळ तेवढा घाईने फुटला."