सर्वानुमते

माझं अक्षर चांगलं आहे, हे माझं मीच सांगते, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही. सव्वीस वर्षं मी आमच्या गावच्या परिषदेत कारकून होते. सभांचे वृत्तांत लिहायचं काम माझं. त्या सगळ्या वह्या काढून बघा, एका पानावर खाडाखोड सापडायची नाही. वरच्या कचेरीतून तपासणीला आलेला साहेब एकदा म्हणाला होता की बाई, ही वही आहे की लग्नपत्रिका? मी पुढे महिनाभर हवेत होते.

खाडाखोड न होण्यामागे काही जादू नव्हती. मी वृत्तांत सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे. विषय काय ते ठाऊक असायचे, अध्यक्ष काय ठरवणार तेही ठाऊक असायचं. प्रत्येक विषयाखाली 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून टाकायचं आणि सभा संपल्याची वेळ तेवढी रिकामी ठेवायची. सभेत मी हातात पेन धरून असा चेहरा करून बसायचे, की जणू प्रत्येक शब्द टिपून घेतेय. अध्यक्ष धरून सात सभासद, आणि बाकीचे सहा मूग गिळून बसलेले. पुढच्या महिन्यात त्याच वृत्तांताखाली ते सह्या करायचे, एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पेन. वाचायचं कुणी नाही. निदान मी तरी तसंच समजत होते.

त्या सातांत एक माझा दीर. ह्यांचा धाकटा भाऊ, मी त्यांना भाऊजी म्हणते. सुतारकाम करतात. लग्न केलं नाही, घर माझ्या भिंतीला भिंत लावून. हे गेल्यापासून भाऊजी संध्याकाळचं जेवायला माझ्याकडेच असतात. बोलणं बेताचं. भाजीत मीठ कमी पडलं तर वाटी पुढे सरकवतात, झालं.

दोन वर्षांपूर्वी सभेपुढे नदीकाठच्या जमिनीचा विषय आला. ती गावाची सामाईक जमीन. शहरातल्या एका बिल्डरला तिथे बंगले बांधायचे होते. मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. अध्यक्षांनी विषय वाचला, आणि भाऊजी उठून उभे राहिले. म्हणाले, माझा विरोध आहे. नदीला पाणी आलं की ते त्या जमिनीवर पसरतं, म्हणून खालची गल्ली कोरडी राहते. तिथे बंगले उठले तर पाणी जायचं कुठे? अध्यक्ष म्हणाले, बरं बरं, बघू, पुढचा विषय घ्या. बाकीच्या पाचांपैकी एकाने जांभई दिली.

मी पेन उचललं. समोर पान होतं, काठोकाठ भरलेलं, स्वच्छ. भाऊजींचा विरोध लिहायचा म्हणजे दोन ओळींवर काट मारायची आणि समासात बारीक अक्षरात कोंबायचं. मला ते बघवेना. मी पेन खाली ठेवलं.

एवढंच घडलं. कुणी मला दमदाटी केली नाही, पाकीट दिलं नाही. उलट तसं काही झालं असतं तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आमच्या परिषदेचा नियम असा, की सामाईक जमीन कुणाला द्यायची तर एकाही सभासदाचा विरोध असता कामा नये. एक जरी 'नाही' म्हणाला तरी ठराव बारगळला. हा नियम मला पाठ होता. त्या वेळी नेमका आठवला नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. आता तेही सांगत नाही.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदा बिल्डरने जमिनीत खुंट्या ठोकल्या, तार ओढली आणि गाव जागं झालं. पुढे होत्या नर्सबाई. दवाखान्यातल्या. अर्ध्या गावाला लहानपणी त्यांनीच सुया टोचल्यात, त्यामुळे त्यांच्यापुढे मोठमोठ्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. मागणी सरळ होती. जमीन परत घ्या, आणि यापुढे कुणी कशाला हात वर केला ते परिषदेच्या भिंतीवर नावानिशी लावा. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. नर्सबाईंनी आमच्याच गल्लीतून अर्ज भरला, म्हणजे भाऊजींच्या विरोधात. आणि चौकात एक मोठा बोर्ड उभा केला. 'गावाची जमीन यांनी दिली.' खाली सात नावं. भाऊजींचं चौथं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या बाईला सुया टोचण्यापलीकडे काय कळतं, असं मी चार घरी जाऊन बोलून आले. पण खरं काय ते बोलले नाही.

भाऊजी विचारेल त्याला सांगत, की मी विरोध केला होता. मग समोरचा माणूस नर्सबाईंनी वाटलेली वृत्तांताची प्रत खिशातून काढायचा. हे काय लिहिलंय? आणि खाली ही सही कुणाची? त्यावर भाऊजी रंधा उचलून कामाला लागायचे. लोकांनी त्यांना कामं देणं बंद केलं. पावभट्टीवाल्याने फळ्यांचं काम दुसऱ्या गावच्या सुताराला दिलं. शिंपीणबाई तर अर्धवट झालेलं कापायचं टेबल हातगाडीवर घालून घेऊन गेली, तीन पायांचं. चौथा पाय भाऊजी मागोमाग नेऊन देत होते, तर तिने दार लावून घेतलं. ते हे मला हसत सांगत होते.

त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी मी ठरवायचे, की आज सांगते. मग ताटं मांडायची, ते यायचे, हात धुवायचे आणि मी विचारायचे, वाढू का? मनात यायचं, निवृत्तिवेतन बंद झालं तर? लोक तोंडावर थुंकले तर? सबबींना काय तोटा!

मतदानाच्या आधीच्या रविवारी शाळेच्या मोठ्या वर्गात उमेदवारांची सभा होती. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे मोडून बसलेली. मी शेवटच्या बाकावर. नर्सबाई उठल्या, हातात तीच प्रत. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, सुतारदादा, तुम्ही म्हणता विरोध केला. वही म्हणते सर्वानुमते. दोन्ही खरं असू शकत नाही. तुम्ही खोटं बोलताय, की वही?

भाऊजींनी मान वर करून वर्गभर नजर फिरवली. ती माझ्यापर्यंत आली आणि लगेच दुसरीकडे गेली. मग ते म्हणाले,

"वहीत आहे तेच खरं धरा."

वर्गात कुजबुज झाली. कुणीतरी 'आला का शेवटी वळणावर' असं म्हणालं. अध्यक्ष पहिल्या बाकावर बसले होते, त्यांचा चेहरा खुलला. आणि मला स्वतःची इतकी किळस आली, की मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"वही खोटी आहे. मी लिहिली आहे ती."

सगळ्या माना मागे वळल्या. भाऊजी म्हणाले, वहिनी, खाली बसा. मी बसले नाही. आदल्या दिवशी लिहून ठेवायची माझी पद्धत सांगितली, भाऊजी उभे राहून काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं, पेन खाली ठेवलं तेही सांगितलं. नर्सबाईंनी विचारलं, का? कुणी सांगितलं होतं?

"कुणी नाही. पानावर खाडाखोड झाली असती."

लोक हसले. शिव्यांची मी तयारी ठेवली होती. हसण्याची नव्हती ठेवली. खालच्या गल्लीतली एक म्हातारी मात्र हसली नाही. तिच्या उंबऱ्यापाशी पहिलं पाणी येतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

नर्सबाईंनी तिथेच माझ्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीत नेऊन दिलं. बुधवारपर्यंत नदीकाठचं काम थांबवण्याचा हुकूम आला. ठरावाची चौकशी लागली. माझीही लागेल, लागू दे. चौकातल्या बोर्डावरचं चौथं नाव कुणीतरी पांढऱ्या रंगाने पुसून टाकलं. शिंपीणबाई टेबल घेऊन परत आली आणि दारात उभी राहून रडली. पावभट्टीवाला म्हणाला, एवढं होऊन माणूस वहिनीसाठी तोंड मिटून राहिला, मत आता ह्यालाच. सगळी गल्ली तेच म्हणत होती. एका आठवड्यात माणूस चोराचा देव झाला.

देवमाणूस त्या संध्याकाळी माझ्याकडे जेवायला बसला आणि ताटाला हात लावेना. मला वाटलं, माझ्यावरचा राग आता निघणार. निघू दे, म्हटलं, माझी तेवढी लायकी आहे. मीच तोंड उघडलं. म्हटलं, भाऊजी, माझ्यामुळे तुम्हाला फार सोसावं लागलं. तुम्ही बिचारे न वाचता सही करून बसलात, आणि मी...

"वाचूनच केली होती, वहिनी."

मला आधी नीट कळलंच नाही. ते पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलत होते. म्हणाले, सभेत मी तुमच्या समोरच बसलो होतो. तुम्ही पेन उचललं आणि ठेवलं, ते मला दिसलं. पुढच्या महिन्यात सहीला वही आली तेव्हा मुद्दाम ते पान काढून वाचलं. बोट ठेवलं असतं तर तिथल्या तिथे ठराव पडला असता. आणि तुमची नोकरीही गेली असती. दादाला जाऊन चार महिने झाले होते. तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

मी म्हटलं, मग मला एकटीला येऊन सांगायचं. ते म्हणाले, रोज जेवायला येताना ठरवत होतो.

दोन वर्षं ताटांवर समोरासमोर बसून आम्ही दोघं एकच गोष्ट गिळत होतो, आणि मला वाटत होतं की गिळणारी मी एकटी आहे. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला, कुणाचा ते मला अजून सांगता येत नाही.

"त्या बोर्डावर माझं नाव होतं ते बरोबरच होतं," भाऊजी म्हणाले. "तुम्ही ओळ खोडली नाहीत. मी बघून सही केली. जमीन गेली ती माझ्या सहीने."

म्हटलं, आता हे कुणाला ठाऊक नाही. लोक मत द्यायला निघालेत, आता कशाला? असं मी म्हणाले खरं. एवढं सगळं होऊनही म्हणाले. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

सकाळी ते नर्सबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मी बरोबर होते. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, नाव मागे घ्यायची मुदत टळली आहे, पण मला मत देऊ नका असं मी घरोघर सांगेन. नर्सबाईंनी आत जाऊन चहा टाकला. आम्ही तो पिऊन उठलो.

तिथून आम्ही चौकात गेलो. भाऊजींनी घरून काळ्या रंगाचा डबा आणला होता. सातही नावांची यादी पुरी व्हायला हवी, एवढंच ते म्हणाले आणि पांढऱ्या पट्ट्यावर त्यांनी आपलं नाव पुन्हा लिहिलं. माणसं थांबून बघत होती. मी शिडी धरून उभी होते.