बांबूचा टेकू

आपल्याकडे माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय आजारी ठरत नाही, आणि यंत्र बंद पडल्याशिवाय बिघडलेलं ठरत नाही. तोवर सगळ्याला एकच उत्तर ठरलेलं : "चालतंय ना? मग चालू द्या!" हे उत्तर तुम्ही दिलंय, मीही दिलंय. फैजपूरजवळच्या प्रेमराजनेही दिलं, आणि भोगलं ते दुसऱ्याच माणसाने.

प्रेमराज केळीचा बागायतदार. स्वभावाने वाईट म्हणाल तर अजिबात नाही. मजुरांशी गोड बोलायचा, दिवसातून दोनदा चहा द्यायचा. त्याच्याकडे एक मिनी ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला मोठी बकेट. कापणी झाली की केळीची ओली खोडं त्या बकेटमध्ये भरायची आणि बांधावर नेऊन टाकायची. दहा मजुरांचं काम ते यंत्र एकटं करायचं, त्यामुळे प्रेमराजचा त्याच्यावर फार जीव.

दोन महिन्यांपासून मात्र त्या लोडरला एक खोड लागली होती. बकेट वर उचलून इंजिन बंद केलं की ती आपली हळूहळू खाली यायची. कुणी हात लावायचा नाही, लिव्हर जागच्या जागी, तरी यायची.

"आमची बकेट आळशी आहे हो," प्रेमराज हसत सांगायचा. "मालकासारखी. जरा काम केलं की बसते!"

फैजपूरचे मेकॅनिक सरदारभाई एकदा दुसऱ्याच कामासाठी शेतावर आले होते. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या तेलात हात घालणारा माणूस. त्यांनी बकेट कमरेइतकी वर घेतली, इंजिन बंद केलं आणि चहाचा कप हातात घेऊन बघत उभे राहिले. चहा संपायच्या आत बकेट हातभर खाली आली.

"भाऊ, हा आळस नाही," सरदारभाई म्हणाले. "सिलिंडरमधलं सील गेलंय. ते तेल अडवून धरतं, म्हणून बकेट वर राहते. आता तेल आतल्या आत पलीकडे सरकतंय. एक दिवस ट्रॅक्टर माझ्याकडे सोडा, नवीन सील टाकून देतो."

"कापणी चालू आहे, सरदारभाई. एक दिवस कुठून आणू?"

"मग एवढं तरी करा. ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधी बकेट जमिनीला टेकवा. दर वेळी. वर ठेवून कुठे जाऊ नका."

"हो हो," प्रेमराज म्हणाला. आपण म्हणतो ना, तसलंच हो हो.

पण जमिनीला टेकवायची कशी? कापलेल्या वावरात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या. बकेट टेकवली की नळी फाटणार. मग त्याने डोकं चालवलं. केळीचा घड भरला की झाड वाकू नये म्हणून आपण बांबूचा टेकू लावतो. तसाच एक जाड बांबू त्याने उचललेल्या बकेटखाली उभा केला. एवढा घड पेलणारा बांबू बकेट पेलणार नाही? त्याला स्वतःच्याच अकलेचं कौतुक वाटलं. गावातल्या दोघा-तिघांनी तर बघून आपल्याही लोडरला तसाच टेकू लावला!

मे महिना होता. खान्देशातला मे म्हणजे काय ते जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. केळी कापलेल्या वावरात सावलीला पानसुद्धा उरलं नव्हतं. बाया सकाळपासून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होत्या. त्यांच्यात सगळ्यात मोठी शेवंताबाई. मूळची पारोळ्याकडची, पण वीस वर्षांपासून प्रेमराजच्याच शेतात. त्याचं मोहिनीशी लग्न झालं तेव्हा मांडवाला लागणारी केळीची खोडं तिनेच निवडून दिली होती.

दुपारी प्रेमराजने बकेटमध्ये ओली खोडं भरली, वर उचलली, तेवढ्यात फोन आला. केळीची गाडी रस्ता चुकून भलत्याच फाट्यावर उभी होती. त्याने बकेट तशीच वर ठेवली, इंजिन बंद केलं आणि बांबू लावला. शेवंताबाई डबा घेऊन सावली शोधत होती.

"अक्का, इथे बस की बकेटच्या सावलीला," तो म्हणाला. "टेकू लावलाय. बस निवांत."

स्वतः मात्र तो बकेटला वळसा घालून मोटारसायकलकडे गेला. वळसा का घातला, त्याचं त्यालाही कळलं नाही. ट्रॅक्टरची आणि मोटारसायकलची किल्ली एकाच छल्ल्यात होती. तो छल्ला घेऊन तो निघून गेला.

जेवण झाल्यावर बाकीच्या बाया पाणी भरायला विहिरीवर गेल्या. शेवंताबाईने पदर तोंडावर घेतला, पाय लांब केले आणि तिचा डोळा लागला. बांबू मोडला नाही. तो शेवटपर्यंत शाबूतच होता. पण घडाखालचा टेकू आपण खड्डा करून रोवतो, आणि हा नुसता उभा होता पाणी प्यालेल्या भुसभुशीत काळ्या मातीत. वरून भार येत गेला तसा तो रुतत गेला, तिरपा झाला आणि निसटला. मग बकेट खाली आली. करकरत आली असती तर निदान जाग तरी आली असती! ती नेहमीसारखी आली, हळूहळू, आणि शेवंताबाईच्या उजव्या पायावर बसली.

किंकाळी ऐकून बाया धावत आल्या. सगळ्यांनी मिळून जोर लावला, पण ओल्या खोडांनी भरलेलं लोखंड तसूभर हललं नाही. बकेट उचलायची तर इंजिन हवं, आणि किल्ली प्रेमराजच्या खिशात, फाट्यावर. फोन केल्यावर तो परत येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. ती पंचवीस मिनिटं शेवंताबाई त्या यंत्राखाली होती. शेवटी शेवटी ती ओरडतसुद्धा नव्हती.

जळगावच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. प्रेमराज खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला वाटलं, आता ही म्हणणार, यानेच मला तिथे बसवलं! पोलिसाने विचारलं, "आजी, तुम्हाला तिथे बसायला कुणी सांगितलं होतं?"

शेवंताबाईने प्रेमराजकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोनीच नही, साहेब. मीच बसनू तठे. चूक मनीच शे. भाऊना काही दोष नही."

पोलिसाने तसं लिहून घेतलं. प्रेमराजचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या त्याला स्वतःची शिसारी आली.

बाहेर व्हरांड्यात सरदारभाई बसले होते. त्यांनी रुमालातून काहीतरी काढून प्रेमराजच्या तळहातावर ठेवलं. रबराची एक झिजलेली, एका जागी तुटलेली कडी. बांगडीएवढी.

"सकाळी सिलिंडर उघडला. हेच ते सील."

प्रेमराजने ती कडी बोटांत फिरवली. मग म्हणाला, "ती स्वतःच म्हणाली, चूक तिची आहे म्हणून. मी नाही शिकवलं तिला."

"कशाला शिकवायला हवं?" सरदारभाईंचा आवाज चढला. "पाय गेला. आता मालकाला दुखवलं तर त्याचा उंबराही जाईल, एवढं कळतं तिला. गरीब माणूस खरं बोलायच्या आधी उद्याचा विचार करतो, भाऊ. तो विचार करायची पाळी तुमच्यावर कधी आली नाही."

"पण मी टेकू लावला होता! काहीच केलं नव्हतं असं नाही ना?"

"काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं! अधांतरी बकेट बघून बाई लांब राहिली असती. तुमच्या बांबूवर विश्वास ठेवून ती खाली बसली. मला एकच सांगा, त्या बांबूखाली तुम्ही झोपला असता? मोहिनीवहिनींना झोपवलं असतं?"

प्रेमराजला तो वळसा आठवला. डबा घेऊन सावलीकडे जाणारी शेवंताबाई आठवली, आणि तिला 'बस निवांत' म्हणून स्वतः लांबून निघून गेलेले आपले पाय आठवले. त्याच्या पायांना ठाऊक होतं! तोंडाला तेवढं ठाऊक नव्हतं.

पोलीस जिना उतरत होता.

"साहेब, थांबा!" प्रेमराज ओरडला. "ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी. मीच बसवलं तिला तिथे. लोडर बिघडलाय हे मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. लिहून घ्या."

गुन्हा दाखल झाला. नातेवाईक म्हणाले, याला वेड लागलंय, आयता सुटला होता. मोहिनी मात्र एवढंच म्हणाली, "आता निदान तिच्यासमोर उभे राहू शकाल." शेवंताबाईच्या जन्मभराच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली. पाय काही परत आला नाही. तो येत नसतो.

त्याच आठवड्यात प्रेमराज ते तुटलेलं सील खिशात घालून गावातल्या प्रत्येक लोडरवाल्याकडे गेला. त्याचं बघून ज्यांनी टेकू लावले होते, त्यांचे बांबू त्याने स्वतःच्या हाताने काढले. काही जण हसले. एक जण म्हणालाच, "चालतंय की, भाऊ!" प्रेमराजने खिशातलं सील त्याच्या हातावर ठेवलं आणि शेवंताबाईचं घर कुठे आहे ते सांगितलं.

तेव्हा मंडळी, तुम्हालाही हात जोडून सांगतो. उचललेलं लोखंड आधी जमिनीवर टेकवा, मगच यंत्रावरून उतरा. नळी फाटली तर नवी मिळते. बिघाड दिसला की त्याच दिवशी दुरुस्त करा, टेकू लावून झाकू नका. आणि ज्या जागी तुम्ही स्वतः बसणार नाही, तिथे दुसऱ्याला 'बस निवांत' म्हणू नका!

दिवाळीत शेवंताबाई कुबड्या घेऊन प्रेमराजच्या अंगणात आली. ट्रॅक्टर कोपऱ्यात उभा होता. नवीन सील, बकेट जमिनीला टेकलेली, खाली मुंगी शिरायलाही जागा नव्हती. मोहिनीने तिला तिथल्याच सावलीत खाट टाकून दिली. शेवंताबाई खाटेपर्यंत गेली, बकेटकडे बघत थांबली आणि मागे फिरली.

"नको, बाई," ती म्हणाली. "मी आठेच बरी शे."

आणि ती उन्हात बसली.