गळ्यावरचा हात

रोशनीचा फोन टेबलावर उताणा पडलेला असायचा, आवाज पूर्ण. विमा कंपनीच्या त्या थंडगार ऑफिसात कोणी हरकत घेत नसे, आणि खरं सांगायचं तर तिने ही नोकरी धरली होती ती एवढ्याशा सोयीसाठीच. संगणकावर लोकांचे अर्ज यायचे. नाव जुळतं का, सही जुळते का, एवढं बघायचं आणि ‘योग्य’वर बोट दाबायचं. घरी यायची तेव्हा घसा ठणठणीत असायचा. पाच महिन्यांत तिथे कोणी तिच्या तोंडाकडे नीट बघितलंही नव्हतं.

त्याआधीची चार वर्षं आठ पोरं दिवसभर तिच्या तोंडाकडेच बघत बसायची. नंदनवन वस्तीतल्या कर्णबधिर मुलांच्या एका लहानशा शाळेत ती बोलायला शिकवत होती. ज्याला ऐकू येत नाही, त्याला शब्द हाताने दाखवावा लागतो. पोराचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा, शब्द उच्चारायचा, आतली थरथर त्याला कळू द्यायची. मग त्याचा हात त्याच्याच गळ्यावर. बरोबर आलं की मान होकारार्थी हलवायची, चुकलं की नकारार्थी. तोंडी शाब्बासकी त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून सगळी शाब्बासकी त्या मानेत. आणि धडा चालू असताना फोन कपाटात, कुलपाआड. शिकवणारीची नजर जरा हलली की पोराच्या हातातला शब्द सुटतो, असं मुख्याध्यापिका प्रेमलता मॅडम म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

फोन असाच कपाटात होता त्या दुपारी नंदिनीला, रोशनीच्या दहा महिन्यांच्या लेकीला, तापात झटका आला. सासूबाई इंदूबाईंनी अकरा वेळा फोन लावला. नवरा अंकुश बुटीबोरीच्या कारखान्यात, तासाभराच्या वाटेवर. शेवटी शेजारच्या ऑटोवाल्याने आजी-नातीला दवाखान्यात नेलं. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, लहानपणी होतं असं, वय वाढलं की जातं. पण रोशनीच्या छातीत जे बसलं, ते काही उठलं नाही. महिन्याभरात तिने शाळा सोडली.

सोडताना एक गोष्ट मात्र वाईट झाली, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती.

वर्गात सहा वर्षांची नूपुर होती. लेकीला पैंजणाचं नाव ठेवलं तेव्हा आईबापाला काय ठाऊक! शाळा सुटताना ती रोज रोशनीच्या गळ्यावर हात ठेवायची आणि रोशनी म्हणायची, “उद्या.” तो दोघींचा निरोप. नूपुरच्या तोंडून ‘उया’ यायचं. मधला ‘द’ काही केल्या जिभेला सापडत नव्हता. शेवटच्या दिवशी, आपण चाललो, हे या पोरीला कसं सांगावं ते रोशनीला सुचेना. तेवढ्यात तो ऊबदार तळवा गळ्यावर आला आणि सवयीने तोंडून निघून गेलं, “उद्या.”

मग एका मंगळवारी मॅडमचा फोन आला.

“तुझ्या जागी घेतलेल्या बाई चालल्या. येतेस का? शनिवारपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल.” मग म्हणाल्या, “ती नूपुर आता कोणाच्याच गळ्याला हात लावत नाही गं. तू गेल्यावर आठ दिवस दाराकडे तोंड करून बसली होती. काय सांगून गेली होतीस तिला?”

“शनिवारच्या आत कळवते,” म्हणून रोशनीने फोन ठेवला.

“जा ना मग,” इंदूबाई संध्याकाळी भाकर थापता थापता म्हणाल्या. “पोरगी मीच सांभाळून राहिली ना आताही? का तुले माह्यावर भरवसा नाही? तसं सांग सरळ.”

“तसं नाही, आई.”

“मग कसं? त्या ऑफिसातून येतं तं तोंड निरा सुकल्या वांग्यासारखं. शाळेतून ये तं आवाज बसेल राहे, पण घरभर बडबड तं करत राहे वं तू!”

रोशनी हसली. हसतानाही तिचा हात मांडीवरच्या नंदिनीच्या कपाळावर होता. कपाळ गार होतं. जरा वेळाने तिने पुन्हा बघितलं.

तिने मनाशी एक ठरवलं. शाळेत जायचं आणि फोन कपाटात ठेवून एक तास राहून दाखवायचं. जमलं तर परत, नाही तर नाही. गुरुवारी अर्धी रजा टाकून ती गेली. घरी बोलली नाही.

मॅडमनी कपाट उघडून धरलं. रोशनीने फोन आत ठेवला, पण बोटं काही सुटेनात.

“आजचा दिवस हातात राहू द्या, मॅडम.”

“पाहुणी म्हणून आलीस तर राहू दे,” मॅडम म्हणाल्या, आणि कपाट लावून घेतलं.

नूपुरने तिला दारातच ओळखलं. धावली नाही. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. लांबूनच बघत राहिली, जसं आपण उधार मागायला आलेल्या सोयऱ्याकडे बघतो. रोशनी तिच्यासमोर जमिनीवर बसली, दप्तरातली पाटी बघितली, वेण्यांच्या रिबिनी बघितल्या. अर्धा तास असाच गेला. मग हळूहळू तो लहानसा हात वर आला. तळवा गळ्याला टेकला. पाच महिन्यांनी. रोशनीने तोंड उघडलं, पोरीचं नाव घ्यायला.

फोन थरथरला.

तिची मान गर्रकन वळली. घरचा नंबर. गळ्यावरचा हात केव्हा खाली गेला हे तिला कळलंही नाही.

“हॅलो! आई! काय झालं? नंदिनी—”

“काय होते तिले? वाटी आपटून राहिली. येताना सांबाराची जुडी घेऊन ये, भाजीवाला आलाच नाही आज.”

“अं... हो.”

“काहून धापा टाकून राहिली वं? धावत होती का?”

“नाही. आणते.”

तिने फोन ठेवला. दारात मॅडम उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला समजलं,” त्या एवढंच म्हणाल्या. “यात तुझी चूक नाही. पण अशी नजर घेऊन इथे नाही बसता येत, बेटा.”

रोशनी पर्स उचलून निघाली. जिन्यापाशी कोणीतरी मागून ओढणी धरली. नूपुर होती. तिने रोशनीचा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर नेऊन ठेवला, रोशनी शिकवायची अगदी तसा, बोटं आडवी. मग डोळे वर करून म्हणाली, “उद्या.”

दातामागे जीभ टेकून, स्वच्छ ‘द’. रोशनीच्या बोटांना तो लख्ख कळला. सहा महिने खपून जे आलं नव्हतं ते कोणी शिकवलं, कधी शिकवलं? काही सुचायच्या आत तिची मान हलली. होकारार्थी. बरोबर.

नूपुर हसली. पडलेल्या दाताच्या खिडकीसकट. आणि वर्गात पळाली.

तीन पायऱ्या उतरल्यावर रोशनी थांबली. पोरीने काय विचारलं होतं, आणि आपण कशाला हो म्हटलं! तिने वळून वर बघितलं. परत जाऊन नकारार्थी मान हलवता आली असती. पण या वर्गात त्या मानेचा अर्थ एकच: चुकलं, पुन्हा म्हण. आणि पोरीने आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द बरोबर म्हटला होता.

ती उतरली. कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी घेतली.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मॅडमला ‘जमणार नाही’ असा दोन ओळींचा निरोप टाकला. मॅडमचं उत्तर आलं: ‘ठीक आहे. तिला सांगते मी.’ कसं सांगणार, ते लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी साडेदहाला, शाळेची प्रार्थना संपते त्या वेळेला, रोशनी ऑफिसात होती. समोर अर्ज होता कोणा रामटेकच्या गणपतरावांचा. सही जुळत होती. फोन उताणा पडला होता आणि दिवसभरात एकदाही वाजला नाही. अर्जागणिक तिचा डावा हात आपोआप गळ्याशी जायचा आणि तिथे काहीच थरथरत नसायचं.