चूक कळवा

संयोगितानं ‘तळ’ नावाचं ॲप तयार केलं तेव्हा सई पोटात होती. आता सईचे दुधाचे दात पडायला लागले होते, तरी ॲपच्या नावापुढचा ‘बीटा’ हा शब्द काही जात नव्हता. बीटा म्हणजे अजून चाचणी चालू आहे, वापरून बघा, चुकलं तर सांगा. मेंढपाळांना वाटायचं, ते नावच आहे. ते आपले सरळ “तळबिटा उघड रं” म्हणायचे.

ॲप सुचलं होतं माहेरी. सांगलीजवळ कसबे डिग्रजला तिचे चुलते नानासो शेती करतात. सोयाबीन निघालं की रानात मेंढरं बसवायची म्हणून ते मोटारसायकल काढून मेंढपाळांना शोधत फिरायचे, आणि नेमका त्याच वेळी एखादा कळप पलीकडच्या रस्त्यानं ‘कुणी रान देतंय का’ विचारत निघून जायचा. मेंढरं बसली की रानाला फुकट खत मिळतं आणि मेंढरांना चारा. दोघांनाही एकमेकांची गरज, पण गाठच पडायची नाही. पुण्याची नोकरी सोडून सासरी साताऱ्याला आलेल्या संयोगितानं गोडोलीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून ही गाठ घालून द्यायचं मनावर घेतलं.

पहिल्याच वर्षी ॲपनं घोळ घातला. एकाच रानात दोन कळप पाठवले. मेंढरं एकमेकांत मिसळली, कुत्री भांडली, माणसं भांडायच्या बेतात आली. संयोगिता साताऱ्याहून धावत गेली. आटपाडीकडचा म्हातारा कोंडीबा काठी टेकून उभा होता. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “बाबा, अजून चाचणी चालू आहे हो त्याची.”

“चाचणी हाय व्हय?” कोंडीबाचा चेहरा एकदम निवळला. “मग चालायचंच की. आमी म्हनलं, खरंच हाय.”

त्या दिवशी त्या शब्दानं तिला वाचवलं, आणि तिनं तो घट्ट धरून ठेवला. ॲपमध्ये ‘चूक कळवा’ असं एक बटण होतं. ते दाबून बोललं की आवाज थेट तिच्याकडे यायचा. रोज सकाळी चहा घेता घेता ती सगळे निरोप ऐकायची. खऱ्या चुका बाजूला काढून दुरुस्त करायची, बाकीचे ‘इतर’मध्ये टाकायची. चुका संपल्या की बीटा काढायचा, असं तिनं ठरवलं होतं. पण माणसं वाढत होती तसे निरोपही वाढत होते, आणि चुका काही संपत नव्हत्या.

यंदा दसऱ्याच्या सुमारास साताऱ्यातल्या एका संस्थेच्या प्रियदर्शनी मॅडमनी तिला बोलावलं. “ॲप छान आहे. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या मेंढपाळांपर्यंत आम्ही पोचवतो. पण त्यावर चाचणी चालू आहे असं लिहिलंय, ते तेवढं काढा. लोकांना काय सांगायचं आम्ही?”

“थोडा वेळ द्या,” संयोगिता म्हणाली.

घरी आल्यावर अनीशला, तिच्या नवऱ्याला, तिनं हे सांगितलं. तो एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. तो भाजी निवडत बसला होता.

“किती वेळ मागितलास? सई दहावीला जाईपर्यंत?”

“तुझं बरंय. तुझ्या बोल्टला कुणी फोन करून शिव्या देत नाही.”

“देतात की! मला देतात. तुला सांगत नाही इतकंच.” त्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. “बरं, तुला शेवटची शिवी कुणी दिली?”

संयोगिता आठवत राहिली. आठवेना. मग ती चिडूनच उठली आणि शिवी शोधायला म्हणून ‘इतर’मधले जुने निरोप लावून बसली.

शिवी मिळाली नाही. मंगलचा आवाज मात्र बऱ्याच वेळा मिळाला. मंगल म्हणजे कोंडीबाची सून. “ताई, चूक न्हाई काय. काळ्या मेंढीला जुळी झाली. दोनी बी माद्या हायती.” आणखी एकदा, “ताई, आज लय गार हाय. तुमच्याकडं हाय का?” मग वेगवेगळ्या माणसांचे निरोप येत गेले. वड्याकाठच्या रानात औषध मारलंय, मेंढरं घालू नका. पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय. पाण्याच्या टाकीपाशी पाणी पाजू देतात, माणूस चांगला हाय.

तिनं ते पुन्हा ऐकलं. ही माणसं चूक कळवत नव्हती. रस्त्यावरच्या दुसऱ्या कळपांना काहीतरी सांगत होती आणि बोलायला दुसरी जागा नाही म्हणून तिच्या कानात बोलत होती. आणि ती ते सगळं या खोलीत कोंडून ठेवत होती. एकदम तिचे कान गरम झाले. मग हसू आलं. इतकी वर्षं ती जे संपायची वाट बघत होती, ते संपणार नव्हतंच. लोकांना ॲप आवडलं होतं म्हणून ते बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. बोललेला निरोप आसपासच्या सगळ्या कळपांना ऐकू जाईल अशी सोय तिनं केली. पोळ्या अनीशनं केल्या. त्या कशा झाल्या ते सईनं शाळेत सगळ्यांना सांगितलं. दिवाळी झाली, मेंढरं माळावरून खाली नदीकाठाला उतरली. कोंडीबाचा कळप नानासोंच्या रानात बसल्याचं कळताच संयोगिता गाडी घेऊन डिग्रजला निघाली. बीटा काढायचा तर तिथंच काढायचा, सगळ्यांच्या समोर.

दुपारचं ऊन हिवाळ्यातलं, मऊ होतं. मेंढरं रानभर पसरली होती. मंगल तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. संयोगितानं येण्याचं कारण सांगितलं, तसा मंगलचा हात थांबला.

“चाचणी संपली म्हंजे? मग चूक नसली की तुमच्याशी बोलायचं न्हाई व्हय?”

“बोलायचं की! आता तर सगळ्यांशी बोलायचं. हे बघ.” तिनं नवं बटण दाखवलं. त्यावर नुसतं ‘सांगा’ असं लिहिलं होतं. “आणि माझा नंबर आहे तिथंच राहतोय.”

“मग काढा तुमचा बिटा,” मंगल म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

बोट लावायचा मान कोंडीबाला दिला. त्यानं आधी धोतराला हात पुसला. बटण दाबलं. नवं ॲप उघडलं, नकाशा आला, आणि नानासोंचं रान कृष्णेच्या पात्रात, बरोबर मधोमध दिसायला लागलं.

इतक्या वर्षांची भीती संयोगितासमोर भर दुपारी, सगळ्यांच्या देखत उभी होती.

“नानासो,” कोंडीबा फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाला, “आवं, तुमचं रान वाहून गेलं की!”

नानासोंनी वाकून बघितलं. “बरोबरच हाय. म्हापुरात तिथंच असतंय ते. पोरीनं आधीच दाखवलं.”

आधी मंगल हसली, मग कोंडीबा, मग हसता हसता नानासोंना ठसका लागला. संयोगिताला पहिल्यांदा रडूच आलं, आणि त्या रडण्याचंच कधी हसू झालं ते तिला कळलं नाही. पोत्यावर बसून तिनं लॅपटॉप उघडला. जागेचा एक आकडा इकडचा तिकडं झाला होता. तिनं तो बदलला. चहा गार व्हायच्या आत रान नदीतून बाहेर आलं. कुणी रागावलं नाही. कोंडीबा तर तोपर्यंत एका लंगडणाऱ्या मेंढीचा खूर बघायला निघूनही गेला होता.

“आता मी सांगू का कायतरी?” मंगलनं विचारलं. तिनं फोन तोंडाशी धरला आणि रानात हाक मारावी तशी ओरडून बोलली, “डिग्रजच्या वाटंवर उसाच्या गाड्या लय हायती. मेंढरं कडंकडंनं घ्या!”

थोड्या वेळानं फोन वाजला, ॲपवरच उत्तर आलं होतं. एका बाईचा आवाज होता, तितकाच मोठा.

“मंगल? मंगे, तूच का गं? आगं, मी रंगू!”

मंगलच्या हातातलं पातेलं कलंडलं. रंगुबाई तिची थोरली बहीण. माण तालुक्यातल्या घरी दिलेली. तिचा कळप दरसाल कऱ्हाडाकडं, मलकापूरच्या पल्याड जायचा, आणि चार्जिंगअभावी फोन बहुतेक बंदच असायचा. यंदा ती माणसं इकडं उतरलीत हे मंगलच्या गावीही नव्हतं. दोघी बहिणींची गाठ पडून दोन दिवाळ्या उलटल्या होत्या.

“आक्के, कुठं हायस?” मंगल ओरडली.

“नदीच्या पल्याड. पूल वलांडला की मोठ्या चिंचंपाशी!”

संयोगितानं गाडीची किल्ली उचलली. “चल.”

“आन् मेंढरं?” मंगलनं सासऱ्याकडं बघितलं.

“मी काय मेलोय का?” कोंडीबा लांबूनच म्हणाला. “जा. येताना रंगीला बी घिऊन ये.”

गाडीत बसल्यावर मंगलनं आरशात बघून कुंकू नीट केलं. एका कोकराला सोबत घेतलं होतं, बहिणीला द्यायला. ते वाटेत दोनदा संयोगिताच्या खांद्यावर चढलं. चिंचेजवळ पोचायच्या आधीच एक उंच बाई रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. गाडी थांबायच्या आधी मंगलनं दार उघडलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि एकदमच बोलायला लागल्या, एकमेकींचं न ऐकता.

संयोगिता कोकराला काखेत घेऊन गाडीला टेकून उभी राहिली. अनीशचा फोन आला.

“निघाला का बीटा?”

“निघाला. आणि लगेच चूकही निघाली. काकांचं रान नदीत गेलं.”

“अरेच्चा! मग?”

“मग काय, काढलं बाहेर.”

तेवढ्यात रंगुबाईनं तिचा हात धरून ओढलं. “फोन ठिवा की, ताई! भाकरी टाकतीय, खाल्ल्याबगार जायचं न्हाई.” संयोगितानं फोन खिशात टाकला आणि काखेतलं कोकरू सावरत चुलीकडं निघाली.