खोडलेली दोन टिंबं

लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. आमची रीत सोपी. ग्राफवर एखादं टिंब रेषेपासून लांब पडलं, की रबराने खोडायचं. परीक्षकाला सरळ रेषा आवडते. "खोड गं, कशाला घोळ घालतेस?" हे मीच मुलींना शिकवलं.

अब्बा चिक्कीच्या दुकानात कढईवर असतात. त्यांची किडनी निकामी होत चालली, तेव्हा दीड वर्षाचे रिपोर्ट घेऊन मी ग्राफ काढला: कुठल्या महिन्यात किडनी किती टक्के चालली. अकरा टिंबं. नऊ एका ओळीत, एक बरंच वर, एक पार खाली. ती दोन मी सवयीने खोडली. म्हटलं, लॅबचा गोंधळ असणार. रेषा काय देखणी आली! डायलिसिस मार्चमध्ये लागणार, मागेपुढे पंधरा दिवस.

डायलिसिससाठी हातावर ऑपरेशन करून शीर तयार ठेवावी लागते, तिला तीन महिने लागतात. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टमध्येच करून टाका.

"दिवाळीत दुकानात लय गर्दी," अब्बा म्हणाले. "तुजी रेष काय म्हंती, हुमेरा?"

"डिसेंबरमध्ये केलं तरी चालेल," मी छातीठोकपणे सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

ऑक्टोबरमध्ये ते कढईशेजारीच कोसळले. शीर तयार नव्हती, म्हणून घाईघाईत मानेत नळी घातली. नळीतून जंतू रक्तात गेले. आता कुठलंच औषध लागू पडत नाही, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघतात.

काल त्यांच्या खाटेशी बसून मी ती दोन टिंबं परत मांडली, गणित पुन्हा केलं. रेषा जवळजवळ हललीच नाही. मार्च तो मार्चच. फक्त मागेपुढेच्या पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. ऑक्टोबर त्यात आरामात बसत होता. रेषेवर किती भरवसा ठेवायचा, तेवढंच त्या दोन टिंबांत होतं, आणि तेवढंच मी खोडलं होतं. मला माझ्या हातांची किळस आली.

मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी खालच्या टिंबावर बोट ठेवलं.

"ह्ये कवाचं?"

"फेब्रुवारीचं."

"व्हय. तवा लय दमलो व्हतो बग, जिना चढवंना. पर मागनं तुजी रेष बगितली, इतकी सरळ... म्हनलं, माजंच कायतरी चुकतंय."