आधीच सिद्ध

खडूचा तुकडा सरांच्या बोटांत नुसता फिरत होता, फळ्याला लागत नव्हता — आणि चुडामणला वाटलं, आपल्या सिद्धतेत चूक सापडली असणार; कुठल्या पायरीवर, तेवढं कळलं की झालं. पण धुळ्याच्या कॉलेजातले ते तरुण प्राध्यापक हळू, जवळजवळ अजिजीनं म्हणाले, "चूक कुठंच नाही, भाऊ. पण हे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात सिद्ध झालंय. आम्ही मुलांना शिकवतो."

मग त्यांनी चहा मागवला. चुडामणनं तो प्यायलाही.

जळगावच्या एस.टी.त, खिडकीच्या तापलेल्या पत्र्याला कोपर टेकवून, तो तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. मूळ संख्या घ्यायची, चारानं भागायची, बाकी एक उरली तर ती दोन वर्गांची बेरीज असणारच — पाच म्हणजे एक अन् चार, तेरा म्हणजे चार अन् नऊ... पण नेहमीच असं का व्हावं? सातवीनंतर शाळा सुटलेली, जिनिंगमध्ये फिटर, कापसाची धूळ नाकातोंडात, आणि यंत्रांच्या त्या खडखडाटात हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं शांतपणे चाललेला. फोरमनची जागा चालून आली तेव्हा नको म्हणालो — दिवसभर माणसं सांभाळायची तर हे कुठं ठेवू? बायको, प्रमिला, तेव्हा माहेरी जाऊन राहिली, आणि आपणहूनच परत आली.

आणि माय... जळगावच्या दवाखान्यात, भर दुपारी, तिच्या खाटेवर बसलो असताना अडलेली पायरी एकाएकी सुटली. बोट आपोआप तिच्या चादरीवर फिरू लागलं.

"काय लिही राह्यला रे भाऊ?"

"सापडलं, माय."

"बरं झालं," ती म्हणाली. काय सापडलं, ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या जाण्याच्या दुःखाखाली तो आनंद इतकी वर्षं धुमसत होता — लाजिरवाणा, पण माझा. आता तोही... चूक निघाली असती तर बरं होतं. चूक निदान माझी असती.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कंडक्टरनं दोनदा विचारल्यावर त्यानं तिकीट दाखवलं.

असोद्याला घरी पोचला तेव्हा प्रमिला ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली.

"काय म्हने सर?"

"बरोबर आहे म्हणाले."

पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण तिचा चेहरा इतका उजळलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. सूप तसंच टाकून ती शेजारच्या बेबाबाईकडे निघूनही गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत राहिला — ह्यांचं बरोबर निघालं, धुळ्याच्या सरांनी सांगितलं, उगीच नव्हतं काही.

चुडामण ओट्यावर बसला. सवयीनं एक मोठी मूळ संख्या मनात घेतली, दोन वर्गांत फोडायला... ती फुटेना. त्यानंही जोर लावला नाही. तशीच पडून राहिली ती, कुणाचीतरी वस्तू असावी तशी. आत कधी नव्हे इतकं शांत झालं होतं. प्रमिलाला उद्या सांगावं लागेल, किंवा कधीच नाही... आणि ही शांतता आपल्याला बरी वाटू लागलीय, हे ध्यानात आलं तेव्हा तो घाबरला.